छऱ्याच्या बंदुकीला दहा हजार फैरी: टिकाऊपणाची चाचणी कशी घ्यावी

नवी छऱ्याची बंदूक पहिल्या दोनशे फैरींत कुणालाही आवडते. खरी परीक्षा पुढे असते. १० मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत ६० फैरी असतात, त्या हिशेबाने १०,००० फैरी म्हणजे १६६ स्पर्धा. आठवड्याला शंभर फैरी झाडणाऱ्या पोराची ती जवळपास दोन वर्षं झाली. इथे सांगितलेली पद्धत नळी मोडून (म्हणजे सांध्यावर खाली वाकवून) भरायच्या, ४.५ मिमी व्यासाच्या, स्प्रिंग आणि पिस्टनवर चालणाऱ्या बंदुकीसाठी आहे. गॅस पिस्टनवाल्यांनी (स्प्रिंगऐवजी आत गॅस कोंडलेला असतो) काय वेगळं करायचं ते पुढे येईल.

आधी छरे. ५०० चे वीस डबे, सगळे एकाच बॅचचे, एकदमच घ्या. बॅच बदलली की छऱ्याच्या मागच्या घेराचं माप किंचित बदलतं, वेग बदलतो आणि दोष मात्र बंदुकीच्या माथी बसतो. ०.५३ ग्रॅमचा चपट्या तोंडाचा छरा कागदावर स्वच्छ गोल भोक पाडतो, मापायला तोच बरा. दहा हजार छरे म्हणजे ५.३ किलो शिसं, ते कुठे जाणार याची सोय आधीच करा. ३ मिमी जाडीचा लोखंडी पत्रा छरे अडवायच्या पेटीत ४५ अंशांत असा बसवा की छरा आपटून खालच्या ट्रेमध्येच पडेल. तिथली धूळ कोरड्या झाडूने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. हात साबणाने धुतल्याशिवाय चहाचा कपसुद्धा उचलू नका, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

जागा निवडताना शेजारी काय चालतं ते बघा. भिंतीपलीकडे पॉवरलूम असतील तर टेबल सतत थरथरतं. साध्या डोळ्याला ते कळत नाही, पण कागदावरचा भोकांचा घोळका उगाच रुंद दिसतो. नेमाची मापं कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी घ्यावीत. बंदूक शिकंज्यात आवळू नका. स्प्रिंगची बंदूक आधी मागे आणि लगेच पुढे असे दोन झटके देते. आवळून धरली की नेमही बिघडतो आणि दस्त्याला चीरही जाते. चार घड्या घातलेला टेरी टॉवेल (सोलापुरात त्याची काय कमी!) टेबलावर ठेवा, त्यावर उघडा तळवा आणि तळव्यावर बंदूक. दस्त्यावर चिकटपट्टीची खूण करा, म्हणजे हात दर वेळी एकाच जागी येईल.

पहिल्या ३०० फैरींचा वेग नोंदवा, पण मूळ माप म्हणून धरू नका. कारखान्यातून आलेलं तेल पिस्टनच्या पुढे असतं, दाबाने हवा तापते आणि ते तेल पेटतं. धूर दिसतो, जळका वास येतो, वेग भलताच चढतो. तेल जळून गेलं की वेग खाली येऊन स्थिरावतो. तिथून पुढचा आकडा खरा.

मूळ मापं अशी घ्या. क्रोनोग्राफ (छऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) नळीच्या तोंडापासून एक मीटरवर ठेवून दहा फैरींचा सरासरी वेग आणि सगळ्यात जास्त व सगळ्यात कमी वेगातला फरक. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ खोटं बोलतो, कारण तो उजेड सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. दिवसाचा पसरलेला उजेड घ्या, थेट ऊन नको. मग १० मीटरवरून पाच-पाच फैरींचे पाच घोळके. भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं सगळ्यात मोठं अंतर व्हर्नियरने मोजून त्यातून ४.५ मिमी वजा करायचे. सामान मोजायचा हुकवाला डिजिटल काटा नळीच्या टोकापासून दोन सेंमीवर अडकवून नळी मोडा, किती किलो जोर लागतो ते लिहा. बंदूक भरून, तोंड पेटीकडे ठेवून, तोच काटा चापाला लावून पाच वेळा ओढा आणि सरासरी काढा. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवा. स्क्रू फिरला की रेघ तुटते, पाना लावून बघायची गरज नाही.

वेगाचं गणित लक्षात असू द्या. ०.५३ ग्रॅमचा छरा सेकंदाला १८० मीटरने गेला तर ऊर्जा सुमारे ८.६ ज्यूल. ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलते, त्यामुळे वेग १० टक्के घटला की ऊर्जा १९ टक्के गेलेली असते.

रोजचा क्रम: १२० फैरी, वीस-वीसच्या सहा फेऱ्या, मध्ये पाच मिनिटं विश्रांती. आठवड्यातून तीन दिवस धरले तर ८४ बैठका, म्हणजे २८ आठवडे. सोलापूरची गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर सुरुवात केली तर जानेवारीची थंडी, मेमधलं ४२ अंशांचं ऊन आणि पावसाळ्याचा दमटपणा हे सगळं चाचणीत आपोआप येतं. उन्हाळ्यात लाकडी दस्ता आकसतो, स्क्रू ढिले पडतात आणि लोक नळीला शिव्या घालतात. म्हणून दर २५० फैरींनी रेघा तपासा आणि दर ५०० फैरींनी मूळ मापं सगळी पुन्हा घ्या, शक्यतो सकाळी सातला, तापमान लिहून.

गॅस पिस्टनमध्ये ही तापमानाची नोंद चुकवून चालतच नाही. बंद नायट्रोजनचा दाब तापमानाबरोबर चढतो. १५ अंशांवरून ४२ वर गेलं की दाब सुमारे ९ टक्के वाढतो. जानेवारी आणि मेचे आकडे सरळ शेजारी ठेवले तर बंदूक वापराने सुधारली असं वाटेल! हा पिस्टन स्प्रिंगसारखा हळूहळू बसत नाही, म्हणजे सावकाश जोर गमावत नाही. त्याचं सील गळू लागलं की थोड्याच दिवसांत तो निकामी होतो.

आता वही वाचायची कशी. वेग आणि नळी मोडायचा जोर दोन्ही सावकाश उतरले तर स्प्रिंग बसली. वेग उतरला पण जोर तसाच राहिला तर पिस्टनच्या सीलवर संशय घ्या. फैर झाडताना आत धातूवर धातू आपटल्यासारखा ठणका लागतो. वेग एकदम पडला आणि झटका खरखरीत झाला तर स्प्रिंग तुटली असं समजा. ती बहुतेक शेवटच्या वेढ्यांजवळ तुटते, दोन्ही तुकडे एकमेकांत गुंततात आणि बंदूक चालतच राहते, त्यामुळे कित्येकांना पत्ताच लागत नाही. सरासरी ठीक पण फैरीफैरीतला फरक वाढला तर नळीच्या सांध्यातलं सील बघा. त्यासाठी उपकरण लागत नाही. सुताचा एक पिंजलेला धागा सांध्यावर आडवा ठेवा आणि फैर झाडा. धागा उडाला तर हवा तिथून जाते आहे. सीलखाली कागदाचा पातळ वॉशर घालून पाहा, अनेकदा तेवढ्यानेच भागतं.

चापाचा जोर दोन नोंदींमध्ये २० टक्क्यांनी उतरला तर चाचणी तिथेच थांबवा. आतला अडकवणारा दात झिजतो आहे. दर १,००० फैरींनी बंदूक भरून, तोंड पेटीकडे ठेवून, दस्त्याच्या मागे रबरी हातोडीने वीस टोले द्या. एकदाही आपोआप सुटली तर ती नापास, मग बाकीचे आकडे कितीही देखणे असोत. छरा भरताना एका हाताने नळी घट्ट धरलेली असलीच पाहिजे. दात निसटला तर मोडलेली नळी फटकन बंद होते आणि बोट जातं. सेफ्टीवर विसंबू नका. छऱ्याशिवाय फैर कधीच झाडू नका. समोर हवेची गादी नसल्यामुळे पिस्टन थेट भिंतीवर आपटतो.

वंगणाच्या बाबतीत हात आखडता ठेवा. मॉलिब्डेनमचं ग्रीस पिस्टनच्या बाजूंना आणि नळी मोडायच्या दांड्याला, सीलच्या पुढे काहीही नाही. शिलाई मशीनचं तेल हवेच्या भोकातून आत सोडलं की पुन्हा तेच पेटणं, आणि सीलचा जीव जातो. लूमशेडजवळ हवेत सुताची लव तरंगत असते. ती ग्रीसवर बसून नमद्यासारखा थर होतो, म्हणून बैठक संपली की बंदूक तिच्या खोक्यात गेली पाहिजे.

मध्येच उघडून बघायचा मोह होतो, पण वेग १० टक्के उतरेपर्यंत किंवा १०,००० भरेपर्यंत उघडू नका. एकदा उघडून जोडलेली बंदूक आधीची राहत नाही. उघडताना स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतोच. मागचं बूच कित्येक सेंटिमीटर दाबलेल्या स्प्रिंगच्या जोराखाली असतं आणि नुसत्या हाताने काढलं तर तोंडावर येतं. स्प्रिंगची मोकळी लांबी मोजा, मग ती काचेवर लोळवा; वाकलेली असेल तर खाली उजेडाची फट उघडझाप करते. सीलच्या कडेवर नखाने चाचपा, काजळी आणि तुटलेले कोपरे यांचा मोबाइलने जवळून फोटो घ्या आणि वहीत त्याच पानावर वेगाचे शेवटचे दहा आकडे लिहा.