कळलावी लावताय? आधी या चुका टाळा

‘कळलावी उगवलीच नाही हो,’ असं कुणी म्हणालं की मी एवढंच विचारतो, कंदाचं काय केलंत? उत्तर ठरलेलं. तुकडे केले, बटाट्याचे करतात तसे. अहो, बटाट्याला अंगभर डोळे असतात. कळलावीचा कंद बेचक्यासारखा, नांगराच्या आकाराचा (संस्कृतात ‘लांगली’ म्हणतात ती त्यामुळेच), आणि त्याच्या प्रत्येक बोटाला डोळा एकच, अगदी टोकाला. मधला तुकडा कितीही गुबगुबीत दिसला तरी त्यातून काही यायचं नाही. फार तर सांध्यावर दोन भाग करा, टोकं जपून.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. पहिल्या वर्षी मी कंद व्यवस्थित आडवा, दोन इंच खोल लावला. तीन आठवडे झाले तरी कुंडी ढिम्म. शेवटी राहवेना म्हणून बोटाने माती उकरली. पेन्सिलीएवढा पांढरा कोंब वर यायला निघालाच होता. नख लागलं आणि कट्‌कन मोडला. पुढे कंद सडला, वर्ष वाया. आता कुंडीवर तारीख लिहितो आणि दीड महिना मातीला हात लावत नाही. ज्यांना एवढाही धीर नाही त्यांनी झेंडू लावावा.

बियांपासून करायची असेल तर फुलं यायला तीन-चार वर्षं धरा.

जाड बांबूचा आधार देऊ नका. ही वेल पानाच्या शेंड्याने वळसा घालून धरते. तो वळसा बारीक काटकीलाच बसतो.

दुसरी ठरलेली चूक फुलं संपल्यावरची. पानं पिवळी पडली की लोक घाबरून पाणी वाढवतात, वर खतही घालतात. वेल तेव्हा सगळं कंदात उतरवून निजायला निघालेली असते आणि ओल्या मातीत तो कंद कुजतो. पाणी तोडा. मी तर कुंडी छपराखाली चक्क आडवी करून ठेवतो, म्हणजे घरातलं कुणी दया येऊन तांब्याभर ओतत नाही.

आता औषधाचं. नावातल्या ‘कळा’ बाळंतपणाच्या, हे खरं. हिच्यातलं कोल्चिसिन गाउट या सांधेदुखीवर वापरतात, हेही खरं. पण औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं, आणि विष अख्ख्या झाडात, कंदात तर भरपूर. त्यामुळे घरगुती काढा, लेप, काहीही नको. कंद हाताळताना हातमोजे घाला. तो रताळ्यासारखा दिसतो, तेव्हा स्वयंपाकघरात चुकूनही ठेवू नका.

कुणी कंद मागितला तर मी कागदात गुंडाळून वर ठळक ‘विष’ असं लिहून देतो. काहींना ते अपशकुनी वाटतं. त्यांना मी कंद देत नाही.