रिव्हेटमधून झिरपलेले लेबल: जुन्या विमानांचे सीटी स्कॅन हाताळू पाहणाऱ्यांसाठी

म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममधील मेसरश्मिट १६३ या दुसऱ्या महायुद्धातील रॉकेट-विमानाचा सीटी स्कॅन फ्युर्थ येथील फ्राउनहोफर संस्थेने केला. रुग्णालयातील यंत्राचे क्ष-किरण एवढ्या धातूतून पार होत नाहीत, म्हणून तेथे ९ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा रेखीय त्वरक, म्हणजे कितीतरी अधिक भेदक क्ष-किरण देणारे यंत्र, वापरला गेला. त्या स्कॅनचे लेबल लावलेले काही घनाकार ठोकळे अभ्यासासाठी खुले आहेत, आणि सेगमेंटेशनचे काम, म्हणजे स्कॅनमधला प्रत्येक सुटा भाग ओळखून त्याला स्वतःचे लेबल देणे, मी त्यांवरच शिकले. त्याची तोंडओळख तुम्हांला असेलच, म्हणून माझे तीन आठवडे जिथे वाया गेले तिथूनच सुरुवात करते.

रिव्हेटने, म्हणजे ठोकून पक्क्या केलेल्या धातूच्या खिळीने, जोडलेले दोन पत्रे घ्या. दोन्ही ॲल्युमिनियमचे, म्हणून करडी छटा एकच. जाडी जेमतेम एक-दोन व्हॉक्सेल (त्रिमितीय चित्राचा सर्वांत लहान घन ठिपका), आणि मधली फट व्हॉक्सेलहूनही बारीक, त्यामुळे स्कॅनमध्ये ती उमटतच नाही. मी थ्रेशोल्ड, म्हणजे कोणत्या छटेपासून पुढे धातू मानायचा ती मर्यादा, ठरवला, एका बिंदूपासून लेबल पसरू दिले आणि चार काप तपासून समाधान मानले. त्रिमितीय चित्र उघडले तेव्हा बाहेरचा पत्रा, आतली चौकट आणि स्ट्रिंगर (पत्र्याला आतून आधार देणारी लांब पट्टी) असे सगळे एकाच निळ्या रंगात होते. लेबल एका रिव्हेटच्या दांड्यातून पलीकडच्या भागात झिरपले होते. शंभर रिव्हेट नीट बंद केले आणि एक राहिला, तरी हेच होते. म्हणून आधी प्रत्येक रिव्हेटला, डोके आणि दांडा धरून, स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि मगच पत्र्यांना हात घालावा. दोन पत्र्यांमधली सीमा जोडाच्या मध्यावर शोधू नये. जिथे एक पत्रा संपतो आणि जाडी एकदम निम्मी होते, तिथून ती रेषा आत ओढत न्यावी. तिन्ही प्रतलांत पाहावे, कारण कापाला समांतर असलेला पत्रा नुसत्या डागासारखा दिसतो.

‘राहू दे, पुढे मॉडेल (या लेबलांवरून शिकणारी संगणक-प्रणाली) सुधारून घेईल,’ असे मला एका वरिष्ठांनी सांगितले होते. कृपा करून हे ऐकू नका. चुकीच्या लेबलांवर शिकलेले मॉडेल तीच चूक हजारो ठिकाणी करते. माझे ठाम मत आहे की या कामात खरा गुरू तोच, ज्याने हातात रिव्हेटिंग गन धरली आहे. ओझरच्या विमान कारखान्यात आयुष्य काढलेल्या माझ्या मामांनी व्हिडिओ कॉलवर माझा पडदा पाहिला आणि मिनिटभरात सांगितले, ‘सपाट डोके बाहेरच्या बाजूला असते, ठोकून फुगवलेले आत. त्यावरून वरचा पत्रा कोणता ते ओळख.’ मला एकाही ट्यूटोरियलमध्ये हे सापडले नव्हते.

५१२ व्हॉक्सेल बाजूच्या एका घनात तेरा कोटींहून अधिक व्हॉक्सेल असतात. तो आकडा पाहून घाबरू नका. पहिला ठोकळा सर्वांनाच जड जातो, आणि दुसऱ्या ठोकळ्यापासून हात वळू लागतो. पंखांपाशी मात्र घाई अजिबात नको. ते लाकडी आहेत, आणि पोलादी जोडणीशेजारी उठणाऱ्या काळ्या पट्ट्यांत लाकूड बुडून हवेसारखे दिसते. तिथे मी अंदाजाने रंग भरत नाही; ‘अनिश्चित’ असे वेगळे लेबल देते आणि कापाचा क्रमांक वहीत टिपून ठेवते.