पेडिॲट्रिक ऑन्कोलॉजी निवडण्याआधी

मुलांच्या कॅन्सरची ही शाखा घ्यावी का, म्हणून एमडी पेडिॲट्रिक्सच्या शेवटच्या वर्षातल्या ज्युनिअर्सचे फोन येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, रोज मुलं जाताना बघवतं कसं?" तो मनातून आधी काढा. आमच्याकडे सगळ्यात जास्त मुलं ब्लड कॅन्सरची, त्यातही एएलएल म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या प्रकाराची. नीट आणि पूर्ण उपचार झाले तर त्यातली बहुतेक बरी होतात. श्रीमंत देशांत मुलांचे एकूण कॅन्सर बरे होण्याचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर आहे. आपलं घोडं अडतं ते 'पूर्ण' या अटीपाशी.

रस्ता लांबचा आहे. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडीची तीन, मग नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा देऊन डीएम या पदवीची आणखी तीन. जागा मोजक्याच, त्यामुळे परळच्या टाटा मेमोरियलसाठी चुरस असते. तुम्ही रात्रपाळ्या करत असताना बॅचमेटचा दवाखाना थाटात सुरू झालेला असेल. हेवा वाटेल, वाटू द्या.

औषधांचं शास्त्र शिकता येतं. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी १९४७-४८ मध्ये ल्युकेमियाच्या मुलांना अमिनोप्टेरिन दिलं आणि काही मुलं थोड्या काळापुरती का होईना, सावरली. ते औषध आपल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या लेडर्लेमधल्या चमूकडून आलं होतं. त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट आजही आम्ही पाठीतल्या इंजेक्शनातून देतो. व्हिन्क्रिस्टिन मात्र फक्त शिरेतून. ते चुकून पाठीत गेलं तर मूल बहुधा वाचत नाही, म्हणून ही दोन औषधं एका वेळी एका ट्रेवर येऊच द्यायची नाहीत. पांढऱ्या पेशी घसरलेल्या असताना ताप आला तर तासाभरात अँटिबायोटिक सुरू झालंच पाहिजे. रिपोर्टची वाट बघायची नाही. हे सगळं वर्षभरात अंगवळणी पडतं.

वेळ लागतो तो मेंटेनन्स अंगवळणी पडायला, म्हणजे आजार आटोक्यात आल्यावर तो उलटू नये म्हणून गोळ्या चालू ठेवण्याचा लांबचा टप्पा. एएलएलचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. पहिल्या महिन्यात स्टेरॉइडमुळे पोर चेहऱ्याने गरगरीत होतं आणि रात्री दोनला उठून वडापाव मागतं. तेव्हा घरचे धास्तावलेले असतात, सांगाल ते ऐकतात. पुढे केस परत येतात, मूल शाळेत जायचं म्हणतं, आणि बाप विचारतो, "डॉक्टर, पोरगं तर आता पळतंय की, अजून कशाला गोळ्या?" पेरणी तोंडावर आलेली असते, धाकटी आजीकडे ठेवलेली असते, प्रत्येक खेपेला गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी. तो माणूस बेजबाबदार नसतो. त्याला रागावलात तर पुढच्या तारखेला तो येणार नाही, आणि उपचार मध्येच सुटले की आजार उलटण्याची भीती असते.

म्हणून गोळ्यांचं वेळापत्रक इंग्रजी चिठ्ठीवर देऊ नका. मेंटेनन्समधल्या मरकॅप्टोप्युरिन या औषधाचा डोस कधी अर्धी गोळी, कधी पाऊण. घरातल्या कालनिर्णयवरच तारखेच्या चौकोनात अर्धा किंवा पाऊण गोल काढून द्या, गोळी दिली की आईने त्यावर फुली मारायची. पुढच्या भेटीला रिकामी पाकिटं आणायला सांगा. हिशेब तिथेच लागतो. "गोळ्या देता ना?" या प्रश्नाला सगळे "हो" म्हणतात.

विचारायचंच असेल तर "मुंबईत उतरलात कुठे?" हे पहिल्याच दिवशी विचारा. फूटपाथवर राहणाऱ्या मुलाला तुमचा उत्तम प्रोटोकॉलही जंतुसंसर्गापासून वाचवणार नाही. २००६ पासून सेंट ज्यूड इंडियाची केंद्रं अशा कुटुंबांना मोफत राहायला जागा देतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा तर कॅन्सरच्या रुग्णांचा जुना आधार. गावाकडच्या बालरोगतज्ज्ञाचा नंबरही लिहून घ्या आणि स्वतः फोन करा. मध्यरात्री ताप आला तर पहिला डोस तोच देणार आहे.

मुलं जातातही. उलटलेला आजार, उशिरा आलेली गाठ. मॉर्फिन न कचरता, योग्य मात्रेत द्यायला शिका. "आता काही करण्यासारखं नाही" हे वाक्य मी माझ्या युनिटमध्ये कुणाला बोलू देत नाही, कारण दुखणं थांबवणं हेही करण्यासारखंच आहे.

पैशाचं म्हणाल तर गाळा घेऊन पाटी लावण्याची ही शाखा नव्हे. ब्लड बँक, पॅथॉलॉजी, आयसीयू पाठीशी नसेल तर हात बांधलेलेच. नोकरीच करावी लागते.

नीट-एसएसचे पर्याय भरण्याआधी एखाद्या युनिटमध्ये परवानगी काढून आठवडाभर बसा. वॉर्ड राउंड बघाच, पण एक अख्खा दिवस मेडिकल सोशल वर्करच्या टेबलाशेजारी काढा. तिथला कंटाळा आला तर दुसरी शाखा घ्या.