मेट्रिक मेळ्याची तयारी: आधी सुट्टे, मग बाकीचं

कर्नाटकातल्या आपल्या मराठी शाळेत मेट्रिक मेळा, म्हणजे पोरांनीच दुकानं मांडून भरवलेला बाजार, ठरला की आपण सगळे मांडव, माईक आणि पाहुण्यांच्या मागे लागतो. ती कामं होतातच, एसडीएमसीतलं, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीतलं, कुणीतरी करतं. तुम्ही आधी सुट्टे पैसे गोळा करा.

मागच्या वर्षी मी ते विसरले. सात रुपयांची मेथीची जुडी, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाने पुढे केली 100 ची नोट. चौथीतला पोरगा माझ्याकडे बघतोय, मी मोठ्या सरांकडे, सर स्वतःचा खिसा चाचपताहेत. पाच मिनिटांत सगळ्या दुकानांवरून एकच ओरड, "सुट्टं न्हाई की बाई!" मग पोरांनी बाजारात बघितलेली वाट धरली. कुणी परतीच्या पैशांऐवजी चॉकलेट दिलं, कुणी "दहाच करा" म्हणालं. दोघा पालकांनी तर स्कॅनर कुठे लावलाय म्हणून विचारलं. रताळी पोतंभर खपली. ज्या वजाबाकीसाठी एवढा खटाटोप केला, ती मात्र एकाही दुकानावर झाली नाही.

म्हणून हिशेब लिहून घ्या. एका दुकानाला 100 रुपयांची चिल्लर: एकची 20 नाणी, दोनची 15, पाचची 6, दहाची 2. वीस दुकानं असतील तर 2000 रुपये. बँकेत आयत्या वेळी एवढी नाणी मागितलीत तर कॅशियर तोंड वाकडं करतो. देवळाची दानपेटी कधी उघडतात ते पुजाऱ्यांना विचारा, नोटा देऊन नाणी घ्या. दूध डेअरी आणि पानपट्टीवालाही देतात. पंधरा दिवस आधी. आदल्या दिवशी नव्हे.

तारीख सुगी संपल्यावरची धरा. आमच्या पश्चिमेच्या बाजूला पाऊस लांबतो, आणि सुगीत पालक फिरकतही नाहीत. शनिवार नको, सकाळची शाळा पुरत नाही.

दर पोरांना ठरवू द्या, पण 10, 20, 50 असे गोल दर चालणार नाहीत. जुडीला किंवा पाव किलोला 7, 13, 18 असे पडायला हवेत. किलोचा दर पाटीवर लावायचा आणि विक्री पाव किलो, अर्धा किलोने करायची, म्हणजे दुकानदाराला डोकं चालवावं लागतं. मोड परत देताना मांडणीची वजाबाकी करायला लावू नका. हातचा घेत बसला तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानावर जातं. बाजारात करतात तसं वर मोजत जायचं: 13 चा माल, 50 ची नोट; 14, 15, मग 20, मग 30, 40, 50. प्रत्येक टप्प्याला नाणं हातात ठेवायचं. हे आठवडाभर वर्गात घोटून घ्या, खडे घेऊन नव्हे, खऱ्या नाण्यांनी. बघा, इथेही सुट्टेच लागतात.

तागडी आणून ठेवा. नसेल तर हँगरला दोन करवंट्या बांधा, वजनं म्हणून वाळूच्या पुड्या किराणा दुकानात तोलून आणा. रिकामी तागडी समतोल राहते का बघा, मग पारड्यांतला माल आणि वजन अदलाबदल करून पुन्हा बघा. धान्याची जुनी मापं घरोघरच्या आज्यांकडे आहेत. चार चिपटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे पायली, हे आजीनेच येऊन सांगितलं तर पोरं कान टवकारतात. मग चिपटंभर तांदूळ आणि चिपटंभर चिरमुरे तोलायला द्या. माप तेच, वजन वेगळं का, यावर आमच्या पाचवीत अर्धा तास भांडण चाललं. माझ्या फळ्यावरच्या एकाही धड्याला इतका आवाज झालेला नाही.

शेजारच्या कन्नड शाळेला बोलवाच. पाट्या दोन्ही भाषांत लिहा. आमची पोरं एळु आणि एंटु, म्हणजे सात आणि आठ, हमखास चुकवतात. एक रुपया बुडाला की मात्र पुन्हा चुकत नाहीत. नलीकलीतली, म्हणजे खेळत शिकण्याच्या वर्गातली, पहिली ते तिसरीची मुलं गिऱ्हाईक होऊ देत, दुकान नको. तेलाची कढई अजिबात नको, भजी घरून तळून आणायची.

प्रत्येक दुकानावर एक वही: वस्तू, दर, घेतले, परत दिले. चौथा रकाना रिकामा दिसला की समजा, सुट्टे संपलेत. एका मुलाला फक्त सुट्ट्यांच्या डब्याजवळ बसवा. नोट घेऊन नाणी देणं एवढंच त्याचं काम. मोठ्यांना दारातच सांगा, नोट इथे मोडा. पालकांना निरोप द्यायचा तोही हाच: मोड आणा, मोबाइल नको.

दुसऱ्या दिवशी नफा-तोटा. आमचा एकजण म्हणाला, मेथी आमच्या शेतातली, फुकटची, सगळा नफाच. मी विचारलं, बी? खत? आईने पहाटे उठून खुडली त्याचं काय? तो म्हणाला, आईला पैसे कुठे देतात. वर्ग गप्प झाला. मग एका पोरीने आईच्या दोन तासांची मजुरी शेतमजुराच्या दराने मांडली, आणि त्याचा नफा तोट्यात गेला. या तासाला घाई करू नका, मेळ्यापेक्षा हाच तास जास्त शिकवतो.

बाकी झाडलोट, फोटो, सीआरपींना (आपल्या भागातल्या शाळांवर लक्ष ठेवणाऱ्यांना) अहवाल, नेहमीचंच. उरलेली भाजी घरी. सुट्ट्यांच्या डब्या मोजून परत घ्या, दुकानवार. आणि पुजाऱ्यांना आजच फोन करा.