मुंबईच्या पर्यटन मेळ्याला निघण्याआधी: गरवण्याच्या सहली विकणाऱ्यांसाठी तयारीची यादी

देवबाग, तारकर्ली, आचरा, वेंगुर्ला या सिंधुदुर्गातल्या पट्ट्यातले, गरवण्याच्या म्हणजे गरी टाकून मासे धरण्याच्या सहली काढणारे होडीवाले आणि न्याहारी-निवासवाले आता मुंबई-पुण्याच्या पर्यटन मेळ्यांत स्टॉल घ्यायचं म्हणू लागले आहेत. चांगलंच आहे. पण तयारी म्हटली की पहिला फोन फ्लेक्सवाल्याला जातो, आणि तिथेच क्रम चुकतो. मेळ्यात समोर येणारा एजंट मासा विकत घेत नाही, तारीख विकत घेतो. अमुक दिवशी, इतकी माणसं, इतक्या वाजता होडीत बसतील, याची खात्री त्याला हवी असते. ती देता येईल इतकं घरचं काम झालं असेल तरच स्टॉलचे पैसे भरा.

सुरुवात कागदांपासून करा. मासेमारीचा परवाना असला म्हणजे पर्यटक बसवायची परवानगी मिळाली असं होत नाही. त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडची नोंदणी आणि होडीची तपासणी लागते. ज्या होड्यांचं हे पूर्ण आहे तेवढ्याच यादीत घ्या. कागदावर सहा माणसं असतील तर माहितीपत्रकातही सहाच छापा, आठ नाही. लाईफ जॅकेट तेवढे हवेत, लहान मुलांच्या मापाचे वेगळे हवेत, आणि विम्याची प्रत फाइलमध्ये वर हवी. कंपन्यांच्या सहली नेणारे एजंट बहुधा विम्यापासूनच सुरुवात करतात.

मग पंचांग. खरी मेहनत इथेच आहे आणि बहुतेक जण हीच टाळतात. एजंटला ‘रोज सकाळी सात वाजता’ असं वाक्य आवडतं, पण खाडी ते मान्य करत नाही. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे मासा लागतो तो पाणी फिरण्याच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुखाशी ओढ इतकी असते की नवख्या माणसाची गरी तळाला टेकतच नाही. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते, त्या भांगाच्या दिवसांत पाणी शांत, कुटुंबांना तेच सोयीचं. म्हणून ऑक्टोबर ते मे असा आठ महिन्यांचा तक्ता करा: तारीख, निघायची वेळ, कुटुंबांसाठी योग्य की सराईतांसाठी. हा तक्ता तुमच्यातला जो रोज पाण्यात असतो त्याच्याकडून तपासून घ्या, मोबाइलवरच्या भरतीच्या आकड्यांवर विसंबू नका. ते आकडे बंदराचे असतात, तुमच्या खाडीच्या आत पाणी नंतर चढतं.

त्याच तक्त्याच्या शेवटी १ जून ते ३१ जुलै हे दिवस लाल रंगात जोडा. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला तेव्हा बंदी असते. पर्यटनाच्या होड्या तर पावसाळ्याच्या तोंडावरच बांधून ठेवल्या जातात, आणि नारळी पौर्णिमा झाली तरी समुद्र लगेच बसत नाही. ‘बारमाही’ हा शब्द कुठल्याही कागदावर दिसला तर खोडा.

काय विकायचं हेही निघण्याआधी ठरवा. दोन वेगळी गिऱ्हाइकं आहेत. एक स्वतःचा रॉड घेऊन येतो, रीळ कुठलं, दोरी किती ताकदीची, खडकाळ भाग किती लांब असं विचारतो. त्याला पहाटेपासून दुपारपर्यंत समुद्र हवा असतो. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे मुलांना घेऊन आलेलं कुटुंब. त्यांना खाडीत दोन-तीन तास, सावली, आणि शेवटा किंवा काळुंदर असला खाडीतला मासा लागला तरी आनंद. माझं मत विचाराल तर मेळ्यात दुसऱ्यावर भर द्या. पहिला तोंडी चौकशी करतच येतो, त्याला एजंट लागत नाही.

रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचं, मात्र जपून. दोर ओढायला पर्यटकांना आवडतं, फोटोही छान येतात. पण रापण संघाची असते, मासळीचे वाटे ठरलेले असतात, आणि रापण कधी घालायची हे मासळी ठरवते. संघाला विचारल्याशिवाय ती माहितीपत्रकात टाकू नका. टाकलीत तर ‘योग आला तर’ असंच लिहा.

आता फोटो. निवडलेला प्रत्येक फोटो दोघांनी बघावा, त्यातला एक मत्स्य खात्याचे नियम माहीत असलेला. देवमाशाएवढा वाढणारा व्हेल शार्क, करवत मासा, महाकाय गोब्रा, कासव हे सगळे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. काकांच्या जुन्या आल्बममधला अंगणात पसरलेला करवत मासा फ्लेक्सवर गेला तर स्टॉलवर गर्दी होईल, पण ती वेगळ्याच लोकांची. वीतभर पिल्लं दाखवणारे फोटोही काढून टाका, राज्याने मासळीच्या किमान आकाराचे नियम केले आहेत. लहान मासा सोडून द्यायचा हे तुमचं धोरण असेल तर तो सोडतानाचा एक फोटो लावा, शहरी माणसाला तो पटतो.

नकाशा काढताना मालवणचं सागरी अभयारण्य विसरू नका. १९८७ साली जाहीर झालेलं हे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटरचं आहे आणि सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड हा त्याचा गाभा. तिथे गरी टाकायचं आमिष दाखवू नका. अभयारण्यावरून गावात जुना वाद आहे, तो मेळा भरतो त्या बीकेसीतल्या वातानुकूलित दालनात उकरायची गरज नाही. किल्ला दाखवायचा तो किल्ला म्हणूनच. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याबरोबर तो युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून एजंट स्वतःहून विचारतात, तेव्हा एक दिवस किल्ला आणि एक सकाळ खाडी अशी जोडणी तयार ठेवा. पोहोचण्यासाठी कुडाळ स्टेशन ठळक लिहा. चिपी आणि मोपा या विमानतळांचा उल्लेख करा, पण विमानांच्या वेळा छापू नका.

दरपत्रक दोन हवीत, एक एजंटसाठी आणि एक थेट येणाऱ्यासाठी. कमिशन किती आणि कुठपर्यंत सोडायचं हे घरीच, सगळ्या होडीवाल्यांसमोर ठरवा. स्टॉलवर एकाने दहा कमी केले आणि शेजारच्याने वीस, की गावी परतेपर्यंत गटच उरत नाही. दर होडीचा आहे की माणशी, जेवण आत आहे की बाहेर, आणि बंदरावर वादळी हवेचा तीन नंबरचा बावटा लागला तर पैसे परत की तारीख बदलून, हे तीनही मुद्दे छापलेलेच हवेत. ‘मासा नाही लागला तर?’ हा प्रश्न हमखास येणार. उत्तर सरळ द्या: पैसे होडीचे आणि वेळेचे आहेत, माशाचे नाहीत, दुपारी ताटात सुरमई बाजारातून येईल.

स्टॉलचं सामान थोडकं ठेवा. फेब्रुवारीत मुंबईत भरणाऱ्या ओटीएमसारख्या मोठ्या पर्यटन मेळ्यात राज्याच्या दालनात टेबल मिळतं का हे आधी विचारा, स्वतंत्र स्टॉलपेक्षा ते बहुधा परवडतं. भिंतीला एक पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टांगा, दोन रॉड ठेवा, गऱ्यांना बूच लावा कारण माणसं हात घालतातच. रॉड पीव्हीसी पाइपात भरून कोकणकन्येने नेता येतात. सुके बांगडे चाखायला ठेवायचा उत्साह कोणाला तरी येईलच, त्याला आवरा. बंद दालनात तो वास शेजारच्या स्वित्झर्लंडच्या स्टॉलपर्यंत जातो.

उभं कोण राहणार? एक प्रत्यक्ष होडी चालवणारा, मालवणी-हिंदी बोलला तरी चालेल, आणि एक न्याहारी-निवास सांभाळणारी बाई, जिला खोल्या, शौचालयं, शाकाहारी जेवण याचे प्रश्न तोंडपाठ आहेत. कार्डावरचा फोन नंबर किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाचा हवा. होडीत असलेल्याचा फोन लागत नाही आणि एजंट दुसऱ्यांदा लावत नाही.

मिळालेल्या प्रत्येक कार्डामागे तिथल्या तिथे लिहा: कुठला गट, कधी, काय विचारलं. परतल्यावर आठवड्याच्या आत त्यालाच धरून उत्तर पाठवा, सगळ्यांना एकच मेसेज नको. ज्यांचं काम खरं वाटलं अशा मोजक्या एजंटांना मार्चमध्ये भांगाच्या दिवशी बोलवा, एका होडीत तीनपेक्षा जास्त नको, आणि मळमळीच्या गोळ्या सोबत ठेवा.