इंग्रजीचे भारी शब्द पाठ नका करू, कृषी केंद्रापासून सुरुवात करा

गावातल्या अभ्यासिकेत पोट्टे-पोट्टी स्टाफ सिलेक्शन, बँक सगळ्याची तयारी करून राहिले, पण इंग्रजी म्हटलं की मोबाइलवर हजार शब्दांची पीडीएफ उघडतात अन् 'ए' पासून पाठांतर सुरू, 'सी' येईस्तोवर दम निघून जातो. काहून? तर त्या यादीतला एकही शब्द आपल्या ओळखीच्या शब्दाला धरून येत नाही. म्हणून आधी घरात जे इंग्रजी पडून आहे ते वाचा.

कपाशीवर फवारायच्या औषधासोबत घडी केलेलं पत्रक येतं ना, ते डबा उघडायच्या आधीच काढून ठेवा. बहुतेक वेळा त्यात इंग्रजी अन् मराठी दोन्ही मजकूर असतात, ते समोरासमोर ठेवून वाचा. अँटिडोट म्हणजे विषावरचा उतारा, इन्हेल म्हणजे श्वासावाटे आत घेणं, डायल्यूट म्हणजे पाणी टाकून पातळ करणं, हॅझर्डस म्हणजे धोक्याचं. अन् डब्यावरचा रंग पण पाहून घ्या, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, त्यामुळे हे तर इंग्रजी येवो न येवो, सगळ्यांले माहीत पाहिजेच.

आता खरी गंमत पुढं आहे. पेस्टिसाइड, हर्बिसाइड, फंगिसाइड हे शब्द तर कृषी केंद्रावर रोज कानावर पडतात. यातलं शेवटचं 'साइड' लॅटिनमधून आलं, अर्थ मारणारा किंवा मारणं, स्पेलिंग सी-आय-डी-ई (बाजू म्हणजे साइड, ते एस नं सुरू होतं, तो वेगळा शब्द). हर्ब म्हणजे वनस्पती, म्हणून हर्बिसाइड म्हणजे तणनाशक. एवढं डोक्यात बसलं की होमिसाइड मनुष्यहत्या, पॅट्रिसाइड पित्याची हत्या, मॅट्रिसाइड आईची, फ्रॅट्रिसाइड भावाची, रेजिसाइड राजाची, जेनोसाइड वंशसंहार. वन वर्ड सबस्टिट्यूशनमध्ये, म्हणजे अनेक शब्दांसाठी एक शब्द सांगायच्या प्रश्नात, हेच शब्द फिरून फिरून विचारतात, अन् ते पाठ करायची गरजच उरत नाही. असंच 'मल' म्हणजे वाईट, अंगणवाडीत मालन्यूट्रिशन ऐकलं असंल, त्यावरून मॅलिस म्हणजे मनातलं वाईट, मॅलिशस म्हणजे वाईट हेतूचा, मॅलप्रॅक्टिस म्हणजे धंद्यातला गैरप्रकार.

शब्द एकटा कधीच लिहू नका, त्याच्यासोबत जो शब्द येतो तो पण लिहा. मिटिगेट म्हणजे तीव्रता कमी करणं, पण ते रिस्क किंवा इम्पॅक्टसोबत शोभते, अलिव्हिएट म्हणजे त्रास हलका करणं, हे पेन (दुखणं), पॉव्हर्टी (गरिबी), सफरिंग (हाल) सोबत. अन् वाक्य आपलंच करा: 'द फार्म पाँड मिटिगेटेड द इम्पॅक्ट ऑफ द ड्राय स्पेल', म्हणजे शेततळ्यामुळं पावसाच्या खंडाचा फटका कमी बसला. शेततळं डोळ्यासमोर आहे तर शब्द विसरणार कसा.

पुढचं इंग्रजी वाचायचं असंल, म्हणजे कॉलेजची पुस्तकं, संपादकीय, तर न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड बाईंनी २००० साली छापलेली अकॅडमिक वर्ड लिस्ट घ्या, ५७० शब्दकुटुंबं (एका मूळ शब्दाची सगळी रूपं मिळून एक कुटुंब) आहेत, नेटवर फुकट भेटते. मले विचाराल तर फॅन्सी शब्दांच्या पीडीएफपेक्षा हीच कामाची, कारण हे शब्द खरंच वाचण्यात येतात.

उच्चार मोबाइलच्या डिक्शनरीत स्पीकर दाबून ऐका. डेट म्हणजे कर्ज यात बी आहे पण बोलत नाहीत, रिसीटमधला पी पण गप.

उजळणीसाठी जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली खोक्याची पद्धत धरा. पुठ्ठ्याचे तुकडे कापा, पुढं शब्द, मागं अर्थ अन् आपलं वाक्य. तीन डबे करा, पहिला रोज पाहायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं. आलं तर कार्ड पुढच्या डब्यात, चुकलं तर परत पहिल्यात. अर्थ आधी आठवायचा, मगच कार्ड उलटवायचं, अन् घरी कोणी लहान भाऊ-बहीण असंल तर कार्ड त्यांच्याच हातात द्या, ते उलटवून पाहू देत नाहीत.