मे महिन्यातली टर्कीची शिकार: न्यूयॉर्कच्या रानात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला शिकार म्हणजे एक तर आजोबांच्या गोष्टी, नाही तर वनखात्याची केस. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तिकडे हा विषय जवळपास मिटलाच. अमेरिकेत मात्र शिकार परवाना, टॅग (मारलेल्या प्राण्यासाठी भरायची चिठ्ठी) आणि तारखांनी बांधलेली, पण राजरोस चालते. त्यातली नवशिक्याला झेपणारी म्हणजे वसंतातली रानटर्की. हरणासारखं धूड ओढत आणावं लागत नाही, बर्फात कुडकुडावं लागत नाही. पक्षी मात्र महाबिलंदर. इथे मी न्यूयॉर्क राज्याचा शहरापासून वरचा, डोंगराळ भाग धरून लिहितो आहे. न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनियात पद्धत हीच, नियम वेगळे.

थोडी पार्श्वभूमी. न्यूयॉर्कमधून रानटर्की १८४० च्या दशकातच नाहीशी झाली होती. जंगलं तोडून शेती झाली आणि मारणाऱ्यांना धरबंध नव्हता. १९४८ च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातून थोडे पक्षी आपल्या पायांनी हद्द ओलांडून आले. पुढे सरकारने फार्मवर वाढवलेल्या टर्की सोडून पाहिल्या, त्या टिकल्या नाहीत. १९५९ पासून रानातलेच पक्षी पकडून दुसरीकडे नेऊन सोडायला लागले, तेव्हा कुठे त्यांचं बस्तान बसलं. असल्या कामाला पैसा पुरवणारा कायदा १९३७ चा: लांब बंदुका आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो.

आधी कागदपत्रं

शिकारीचा सुरक्षा-कोर्स केल्याशिवाय पहिला परवाना मिळत नाही. कोर्सच्या जागा वसंतात भराभर भरतात, म्हणून हे काम हिवाळ्यातच उरकावं. परवाना आणि टर्कीचं परमिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही घ्यायच्या.

आपल्या मंडळींसाठी महत्त्वाचं: एच-१बी, एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच मनाई आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यात राज्याने दिलेला वैध शिकार-परवाना हा एक. म्हणून क्रम चुकवू नका. आधी परवाना, मग बंदुकीला हात. मित्राची बंदूक ‘जरा बघू’ म्हणून उचलणंही त्याआधी नको. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला. राज्याचे कायदे शिवाय निराळे असतात, तेव्हा इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्या. ग्रीन कार्डवाल्यांना केंद्राची ही अडचण नाही.

न्यूयॉर्कचा वसंत हंगाम १ ते ३१ मे. वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून दुपारी १२ पर्यंत. फक्त दाढीवाला पक्षी मारायचा. दाढी म्हणजे छातीतून लोंबणारा काळ्या राठ केसांसारखा झुपका. दिवसाला एक, हंगामाला दोन. रायफल चालत नाही. दाणे टाकून पक्ष्यांना बोलावणं आणि आवाजाची रेकॉर्डिंग वाजवणं, दोन्ही बेकायदा. निघण्यापूर्वी त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचाच, कारण बारीकसारीक तपशील बदलत राहतात.

बंदूक आणि कपडे

१२ किंवा २० गेजची (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) साधी पंप शॉटगन, म्हणजे छर्रे उडवणारी बंदूक, पुरते. टर्कीसाठीचा घट्ट चोक (नळीच्या तोंडाशी छर्रे एकत्र ठेवणारा अरुंद भाग) आणि ४, ५ किंवा ६ नंबरचे छर्रे घ्या. मग रेंजवर जाऊन ४० यार्डांवर, म्हणजे साधारण ३७ मीटरवर, मोठा कागद लावा, त्यावर १० इंचांचं वर्तुळ काढा आणि झाडून पाहा. वर्तुळात शंभरेक छर्रे बसले तर त्या अंतरापर्यंत मारायला हरकत नाही. नाही बसले तर तुमची हद्द ३० यार्ड, कदाचित २५. हा कागद न बघता रानात जाणारे लोक पक्षी जखमी करून येतात.

कपडे नखशिखांत रानाच्या रंगाचे, हातमोजे आणि तोंडावर जाळीसुद्धा. टर्कीची नजर भयंकर तीक्ष्ण असते, तिला रंगही चांगले कळतात आणि मान न वळवता तिला जवळजवळ पाऊण वर्तुळ दिसतं. वास मात्र तिला विशेष येत नाही, तेव्हा हरणाच्या शिकाऱ्यांसारखं वाऱ्याकडे लक्ष ठेवायची गरज नाही. लाल, पांढरा आणि निळा हे रंग मोजे, रुमाल, बनियन कशातही नकोत. वसंतात नराचं डोकं नेमकं याच तीन रंगांचं असतं आणि झुडपाआडून दिसलेल्या पांढऱ्या रुमालावर बार टाकणारा उतावळा कुठेतरी असतोच.

आणि गोचीड! मे म्हणजे न्यूयॉर्कात खसखशीएवढ्या पिल्लू-गोचिडांचा महिना, आणि लाइम रोग बहुतेक वेळा त्यांच्याच चाव्याने होतो. कपड्यांना आदल्या दिवशी परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारून वाळवा, पँट मोज्यांत खोचा, घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत बघा.

रान वाचणं

एप्रिलच्या शेवटी दोन-चार पहाटा फक्त ऐकायला जा. राज्याच्या जंगलात शिकारीला मुभा असते. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी आधी घ्या. दुपारच्या वेळी सभ्यपणे दार वाजवून विचारलं तर गायवाडे चालवणारे शेतकरी पुष्कळदा हो म्हणतात.

टर्की रात्री उंच झाडावर बसते. पहाटे फटफटायला लागलं की नर तिथूनच गॉबल करतो, गळ्यात पाणी खळखळावं तसा आवाज, शांत हवेत मैलभर जातो. तो गप्प असेल तर घुबडाचा किंवा कावळ्याचा आवाज काढा, दचकून उत्तर देतो. जमिनीवरच्या खुणाही बघा: उकरलेला पाचोळा, धुळीत लोळल्याचे खड्डे, मऊ मातीत पंखांची टोकं घासल्याच्या रेघा. विष्ठेवरूनही कळतं. नराची लांबट, टोकाला वाकडी, मादीची गोळा झालेली.

आवाज काढणं

निसर्गाचा रिवाज असा की नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. तुम्ही मादीचा आवाज काढून नराला सांगता आहात की तूच ये. रिवाजाच्या उलट मागणी आहे. म्हणून तो शंभर यार्डांवर थांबतो, पिसारा फुलवतो आणि वाट बघत बसतो. नवशिका इथे घाबरून आणखी ओरडतो आणि नर म्हणतो, एवढी आतुर आहे तर येईलच ती. गप्प बसलात तर त्याला शंका येते, ही चालली की काय, आणि तो पाय उचलतो. या शिकारीतलं निम्मं कसब गप्प बसण्यात आहे.

सुरुवात बॉक्स कॉलने करा. लाकडी डबी, वर खडू लावलेलं झाकण, ते कडेवर घासलं की आवाज निघतो. पाटीवर काडी घासायचा स्लेट कॉल त्याहून मऊ बोलतो. तोंडात धरायची पडदी सगळ्यात उपयोगी, कारण हात मोकळे राहतात, पण ती साधायला महिने जातात आणि घरचे लोक तुम्हाला गाडीत पाठवतात. शिकायचे आवाज तीनच. येल्प, म्हणजे पाच-सहा सुरांची सलग हाक. क्लक, एकच तुटक ‘टक्’. आणि पर्र, चरताना होणारी समाधानाची घुरघुर. येल्पमध्ये सुरापेक्षा लय महत्त्वाची. खऱ्या मादीचा आवाज कित्येकदा बेसूर असतो, लय मात्र ती चुकत नाही. गॉबलचा आवाज सरकारी जंगलात काढू नका, दुसरा शिकारी तुमच्यावरच दबा धरून येईल.

ती पहाट

मे महिन्यात सूर्योदय साडेपाच-सहाच्या आसपास. तुम्ही पावणेपाचपर्यंत जागेवर हवेत, म्हणजे अंधारात, बॅटरी कमीत कमी वापरून. नर बसलेल्या झाडापासून शंभर-दीडशे यार्ड लांब, शक्यतो त्याच्या पातळीवर किंवा जरा वर. चढ चढून यायला त्याला अडचण नसते, उतरून यायचा मात्र कंटाळा. मध्ये ओढा किंवा तारेचं कुंपण नको.

पाठ टेकायला तुमच्या खांद्यांपेक्षा रुंद झाड निवडा. त्याने तुमची आकृती झाकते आणि मागून कोणी चुकून बार टाकला तरी आडोसा राहतो. गुडघे वर, बंदूक डाव्या गुडघ्यावर, डावा खांदा आवाजाच्या दिशेला (डावखुऱ्यांनी उलट). समोर ४० यार्डांवरचं एखादं झाड मनात पक्कं करा. त्याच्या पलीकडचा पक्षी आपला नाही.

नर झाडावर असताना दोन-तीन हलके येल्प, बस. त्याने उत्तर दिलं की त्याला तुमची जागा कळली, अगदी झाडापर्यंत कळली. तो जमिनीवर उतरल्याची फडफड ऐकू आली की आणखी एकदा.

मग पुढचा वेळ कठीण. कधी तो वीस मिनिटं नुसता जागच्या जागी ओरडतो. कधी एकदम गप्प होतो, आणि नवखा माणूस ‘गेला’ म्हणून उठतो. नेमका त्याच क्षणी नर तीस यार्डांवरून मुकाट्याने येत असतो. जवळ आल्याची एक खूण आहे: टिचकीसारखा बारीक आवाज आणि त्यामागे छातीत जाणवणारी खोल घुमघुम. हे ऐकू आलं तर डोळ्यांशिवाय काहीही हलवू नका. त्याचं डोकं झाडाआड गेलं की तेवढ्यात बंदूक सरळ करायची.

पिसारा फुलवलेला असताना बार टाकू नका, मान आखडलेली असते. तोंडाने एक खणखणीत क्लक केला की तो मान ताठ करून बघतो. तेव्हा दाढी पुन्हा एकदा बघा, त्याच्या मागे दुसरा पक्षी किंवा माणूस नाही हे बघा, आणि मानेत, पिसं सुरू होतात त्याच्या जरा वर नेम धरा. छातीत नाही, तिथे नुसती जखम होते.

दुसरा शिकारी दिसला तर हात हलवू नका, शीळ घालू नका, टर्कीचा आवाज तर मुळीच नको. बसल्या जागेवरून मोठ्याने माणसासारखं ओरडा: ‘स्टॉप!’ ऐकू येणाऱ्या गॉबलवर सरपटत जाणंही टाळा. पेनसिल्व्हेनियात वसंतात तसं करायला बंदीच आहे.

सात वाजेपर्यंत काही झालं नाही तर बहुतेक त्याच्याभोवती माद्या आहेत. घरी जाऊ नका. सकाळ वर आली की माद्या अंडी घालायला घरट्यांकडे सटकतात आणि ९ ते ११ च्या दरम्यान एकटा पडलेला नर सकाळी ऐकलेल्या हाकेच्या दिशेने येतो. नवशिक्यांनी बसून राहावं अशी हीच वेळ. १२ वाजले की बंदुकीतून काडतुसं काढा.

पक्षी पडल्यावर

बंदुकीची सेफ्टी (चाप अडवणारी कळ) लावूनच जवळ जा. पायामागचे काटे धारदार असतात, फडफडणारा पक्षी हाताने दाबू नका. टॅग तिथल्या तिथे भरा, ७ दिवसांच्या आत राज्याला नोंद कळवा. गाडीपर्यंत पक्षी नारिंगी पिशवीत घालून न्या, खांद्यावर उघडा लटकवून नाही.

मोठा नर १८ ते २२ पौंडांचा. छातीचं मांस कोरडं पडतं, म्हणून पातळ काप करून लवकर शिजवा, आत ७४ अंश सेल्सिअस पुरे. तंगड्या बहुतेक अमेरिकी लोक फेकून देतात, आणि ते मला कधीच पटलेलं नाही. जाड शिरा उपटून काढा, कांदा-खोबऱ्याचं वाटण लावा आणि कुकरमध्ये गावठी कोंबड्यापेक्षा दुप्पट वेळ ठेवा. रस्सा अप्रतिम होतो. छर्रे शोधून काढले तरी एखादा राहतोच, पाहुण्यांना घास घेण्याआधी सांगून ठेवा.